बालाघाटाच्या उतारावर झाडांचे आडवे पट्टे कशामुळे दिसतात?

घाटवाट (प्रश्न)

धारूरचा घाट उतरून गंगथडीकडे, म्हणजे गोदावरीकाठच्या सखल भागाकडे, जाताना डिसेंबर-जानेवारीत डोंगराकडे पाहिले, तर बालाघाटाचा उतार सगळाच वाळलेला दिसत नाही. पिवळ्या पडलेल्या कुसळीच्या गवतामधून हिरव्या झाडीचे दोन, काही ठिकाणी तीन आडवे पट्टे गेलेले दिसतात आणि डोंगराच्या सोंडेला वळसा घातल्यावर पलीकडच्या घळीतही ते साधारण त्याच उंचीवर पुन्हा सापडतात. या पट्ट्यांत उंबर, पळस, करंज अशी झाडे आहेत. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत गवत, तरवड आणि मधूनच एखादे हिवर एवढेच आहे. कड्याच्या अगदी धारेवर, जिथे मातीचा लवलेश नाही असे वाटते, तिथे मात्र सालई आणि मोई उभ्या आहेत. सीताफळ तर उतारावर सर्वत्र आहे, पण पायथ्याची काळी जमीन सुरू झाली की ते एकाएकी नाहीसे होते.

मी शाळेत भूगोल शिकवतो. उंचीप्रमाणे वनस्पती बदलतात हे आम्ही मुलांना हिमालयाच्या उदाहरणावरून सांगतो, पण इथे पायथा आणि माथा यांत फार तर दोनशे-अडीचशे मीटरांचा फरक असेल आणि तेवढ्याने हवामान बदलत नाही. गावातले जाणते लोक ‘उंबर तिथे पाणी’ एवढे एकच कारण सांगतात, पण ते पाणी एका ठरावीक उंचीवरच का यावे, हा प्रश्न उरतोच.

यामागे एक व्यवहाराचे कारणही आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या गायरानावर यंदा पुन्हा झाडे लावायची आहेत. हे गायरान याच उताराच्या खालच्या अंगाला आहे. कोणत्या जागी कोणते झाड टिकेल हे खडक पाहून आधी सांगता येते का? की हे पट्टे माणसाच्या आणि जनावरांच्या वावरामुळे उरले आहेत आणि खडकाचा त्यात फारसा भाग नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पाझर (उत्तर)

पट्टे आडवे आहेत आणि सोंडेच्या दोन्ही अंगांना एकाच पातळीवर आहेत, ही आपल्या निरीक्षणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. झाडी केवळ घळींतून वाहणाऱ्या पाण्याच्या ओलाव्यामुळे वाढली असती, तर ती घळींच्या रेषेत, म्हणजे उभी दिसली असती. आडवी रेषा दिसली की पहिला संशय खडकाच्या थरांवर घ्यावा.

बालाघाट हा लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जे बेसाल्टचे थर साचले, त्यांचीच ही रास आहे आणि मराठवाड्यात हे थर जवळजवळ सपाट पडलेले आहेत. प्रत्येक थराचे साधारण दोन भाग करता येतात. मधला आणि खालचा भाग घट्ट असतो. विहीर खोदणारे त्याला काळा पाषाण म्हणतात. तो थंड होताना आकसला, त्यामुळे त्यात उभ्या भेगा पडलेल्या असतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो आणि ती छिद्रे पुढे झिओलाइट, कॅल्साइट या खनिजांनी किंवा गारेने (क्वार्ट्झने) भरलेली असतात. पांढऱ्या ठिपक्यांचा हा खडक म्हणजे मांजऱ्या. काही ठिकाणी एक थर थंड होऊन दुसरा त्यावर येईपर्यंत बराच काळ गेला. त्या काळात वरचा पृष्ठभाग कुजला आणि नंतरच्या लाव्ह्याखाली दाबला गेला. दोन थरांमध्ये दिसणारी गेरूसारखी लाल पट्टी ती हीच. तिची जाडी काही सेंटिमीटरांपासून दोन-तीन मीटरांपर्यंत असते आणि ती बहुतांशी चिकणमातीची असते.

हे तिन्ही भाग सारख्या वेगाने झिजत नाहीत. काळ्या पाषाणाचा उभा कडा राहतो, मांजऱ्या आणि लाल पट्टी झिजून तिथे तिरकी पायरी तयार होते. पाटोदा तालुक्यात सौताड्याला दरीच्या कडेला उभे राहून समोरचा कडा पाहिला, किंवा अजिंठ्याला वाघूर नदी सातकुंडांतून टप्प्याटप्प्याने कशी उतरते ते पाहिले, तर हे स्पष्ट दिसते. आपले हिरवे पट्टे या पायऱ्यांवर आहेत असे मला वाटते.

आता पाण्याकडे येऊ. माथ्यावर पडलेला पाऊस उभ्या भेगांतून खाली उतरत जातो. वाटेत लाल पट्टी किंवा भेगा नसलेला घट्ट पाषाण लागला की त्याची खालची वाट अडते आणि ते थराच्या कलाने आडवे सरकू लागते. डोंगर जिथे कापला गेला आहे तिथे ते बाहेर येते. हे पाणी फारच थोडे असते. झरा म्हणावा असा क्वचितच सापडतो, बहुधा ओलसर दगड आणि थोडे शेवाळ एवढेच दिसते. पण झाडाच्या दृष्टीने पाणी किती आहे यापेक्षा ते किती दिवस पुरते याला जास्त महत्त्व आहे. ऑगस्टमध्ये सगळा डोंगरच ओला असतो आणि त्या वेळी या पायरीला काही विशेष नसते. जानेवारीत, जेव्हा मधल्या उतारावरची मुरमाड माती पार कोरडी झालेली असते, तेव्हा हा थेंबथेंब पाझर उंबराला तगवतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पायरीवर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: वरून वाहून येणारी माती तिथे साचते आणि पाझरही तिथेच निघतो. नुसत्या साचलेल्या मातीनेही हिरवळ राहू शकते. दोन्हींतला फरक झाडांवरून ओळखता येतो. फक्त माती असेल तर तिथे दाट गवत आणि पानगळीची झाडे असतात, आणि संक्रांतीनंतर तो पट्टाही पिवळा पडतो. पाझर असेल तर खडकाच्या सांदीत हंसराज हा नेचा सापडतो, खाली लव्हाळा असतो आणि उंबराची मुळे दगडावर पसरून एका ठिकाणी आत शिरलेली दिसतात. शिवाय प्रत्येक लाल पट्टी पाणी अडवतेच असे नाही. काही पट्ट्या वरच्या लाव्ह्याच्या उष्णतेने भाजून कडक झाल्या आणि नंतर तडकल्या, त्या पाणी खाली जाऊ देतात.

‘उंबर तिथे पाणी’ हे म्हणणे एका बाजूने बरोबर आहे. आपोआप रुजलेला जुना उंबर दिसला तर पाणी फार खोल नाही असे समजायला हरकत नाही, पण उंबर नाही म्हणून पाणी नाही असा उलटा अर्थ काढता येत नाही. दत्ताच्या देवळापुढचा औदुंबर तर या हिशेबात मुळीच धरू नये, कारण तो माणसाने लावलेला आणि घागरीने जगवलेला असतो. याच धर्तीवर माळावर एका सरळ रेषेत उभी असलेली झाडे खडकातली भेग दाखवतात, असे आम्ही विहिरीची जागा पाहताना धरतो, परंतु ती रेषा जुन्या बांधाची किंवा मोडलेल्या कुंपणाची नाही ना, हे गावातल्या वृद्धांना विचारूनच पुढे जातो.

कड्यावरच्या सालईचे कोडे तेवढे अवघड नाही. वरून जी जागा मातीविरहित दिसते तिच्या भेगांमध्ये कुजलेला मुरूम आणि ओल असते. सालई आणि मोई उन्हाळ्यात पाने टाकून देतात, त्यामुळे त्या महिन्यांत त्यांना जवळजवळ काहीच लागत नाही. पायर आणि पिंपळ यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून थेट कड्याच्या भेगेत पडते आणि मुळे भेगेच्या वाटेने दूरवर पाण्यापर्यंत पोहोचतात.

माळरान (उत्तर)

पाझर यांनी खडकाची बाजू उत्तम मांडली आहे. मी वनस्पतिशास्त्राच्या बाजूने थोडी हरकत घेतो, कारण झाड कुठे आहे एवढ्यावरून त्याला ती जागा आवडते असा निष्कर्ष काढणे मराठवाड्यात विशेष धोक्याचे आहे.

आपल्याकडे खोल काळी जमीन जिथे जिथे होती, तिथे तिथे नांगर फिरला आहे. गोदावरी, सिंदफणा, दुधना, मांजरा यांच्या खोऱ्यांत रानझाडांना उरलेली जागा म्हणजे बांध, ओढ्याचा काठ, स्मशान आणि देवस्थानाची जमीन. उरलेले रान आहे ते नांगर चालत नाही अशा खडकावर. त्यामुळे आज आपल्याला सीताफळ, बोर, खैर, धावडा ही झाडे खडकावर दिसतात, यात त्यांची आवड किती आणि आपण त्यांना दिलेला वनवास किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. काळ्या जमिनीत मुळात काय वाढत होते याचा अंदाज नदीकाठच्या जुन्या बांधांवरून येतो. तिथे बाभूळ, कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ ही झाडे चांगली वाढलेली असतात.

तरीसुद्धा भारी काळ्या जमिनीत सगळीच झाडे जगू शकत नाहीत, हेही खरे आहे. बेसाल्ट कुजून जी चिकणमाती तयार होते ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत कन्हार, म्हणजे खोल काळ्या, जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यांत कोवळी मुळे अक्षरशः तुटतात. पावसाळ्यात याच जमिनीत हवा खेळत नाही. म्हणून बाभूळ आणि पळस यांसारखी दोन्ही टोके सोसणारी झाडे तिथे टिकतात आणि सीताफळासारखी, ज्यांच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच चालत नाही अशी, टिकत नाहीत.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. भारी मातीत पाणी पुष्कळ मावते, पण त्यातले बरेचसे ती इतके घट्ट धरून ठेवते की मुळांना ते ओढून घेता येत नाही. कमी पावसाच्या प्रदेशात लहान सरी पडतात, त्यांनी भारी जमिनीचा वरचा काही इंचांचा थर भिजतो आणि उन्हाने तो लगेच वाळतो. मुरमाड, भेगाळ जमिनीत तीच सर खोल उतरते, जिथे ऊन पोहोचत नाही. त्यामुळे आष्टी-पाटोद्याच्या बाजूला, जिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो, तिथे खोल मुळांच्या झुडपांना मुरूम हा काळ्या मातीपेक्षा बरा आसरा ठरतो. पाऊस भरपूर असेल तर हे गणित उलटते. फळबागायतदारांना हे अनुभवाने ठाऊक आहे. जालन्याकडे मोसंबीसाठी निचऱ्याची, खाली मुरूम असलेली मध्यम जमीन शोधतात, आणि चुनखडी जास्त असलेल्या भारी जमिनीत लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात. मुरमावरच्या बागेला पाण्याची खात्री मात्र हवी, ते नसेल तर काय होते हे 2012-13 च्या दुष्काळात वाळलेल्या बागांनी दाखवून दिले.

सीताफळाविषयी वेगळे लिहितो, कारण आपला भाग त्यासाठीच प्रसिद्ध आहे. धारूरच्या डोंगरातले सीताफळ ‘बालाघाट’ या नावानेच ओळखले जाते आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे झाड मूळचे अमेरिका खंडातले आहे. ते आपल्या उतारावर इतके पसरले याला निचऱ्याचा मुरूम हे एक कारण, आणि शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही हे दुसरे, आणि माझ्या मते जास्त मोठे कारण आहे. जिथे शेळ्या रोज चरतात तिथे धामण, अंजन, बोर यांची रोपे वर येऊ शकत नाहीत. सीताफळ, तरवड, रुई, घाणेरी येतात. आपण सांगितलेल्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत तरवडच जास्त आहे, यावरून तिथे चराई भरपूर आहे असे मी म्हणेन. कड्याच्या सांदीतली झाडे काही अंशी तिथे शेळी आणि कुऱ्हाड पोहोचत नाही म्हणूनही उरली आहेत. दर उन्हाळ्यात लागणारे वणवेही गवताच्या उतारावरून झरझर जातात आणि दगडी कड्याशी थांबतात.

दिशेचाही विचार करावा. धारूरकडचा आपला उतार गंगथडीकडे, म्हणजे साधारणपणे उत्तरेला तोंड करून आहे. एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपास सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतच डोक्याच्या उत्तरेला असतो, बाकी सर्व काळ तो दक्षिणेला कललेला असतो. हिवाळ्यात तर उत्तरेकडच्या तीव्र उतारावर ऊन तिरपेच पडते, काही घळींत ते दिवसातून थोडाच वेळ पोहोचते, आणि ओल महिना-दीड महिना जास्त टिकते. अजिंठा-सातमाळ्याच्या रांगेतही खानदेशाकडे तोंड केलेला उत्तरेचा कडा आणि गौताळ्याच्या घळी जास्त झाडीच्या आहेत, तर दक्षिणेला कन्नड-सिल्लोडकडे उतरत जाणारे पठार मोकळे आहे. तिथेही उताराची दिशा, कड्याची दुर्गमता आणि नांगर या तिन्ही गोष्टी एकत्र काम करतात. त्यांतली एकच निवडून सगळे श्रेय तिला देऊ नये.

जमीन किती खोल आहे हे पाहायचे असेल, तर झाडांपेक्षा गवताकडे पाहावे. कुसळी म्हणजे उथळ मुरूम, मारवेल म्हणजे मध्यम ते खोल माती, कुंदा म्हणजे भारी काळी. रानकांदा दिसला तर वरची माती वीतभर आहे आणि ती लवकर वाळते असे समजावे. तो कंदात पाणी आणि अन्न साठवून आठ महिने जमिनीखाली निवांत असतो.

मन्याडकाठ (उत्तर)

वरच्या चर्चेत मराठवाडा म्हणजे बेसाल्ट असे गृहीत धरले आहे. आमच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला तसे नाही, आणि गुरुजींनी मुलांना ही तुलना अवश्य सांगावी.

देगलूर, बिलोली या भागात बेसाल्टचे पांघरूण संपते आणि त्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट आणि नाइस खडक उघडा पडतो. हाच खडक पश्चिमेकडेही आहे, पण खोल गाडलेला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे खोल छिद्र घेतले, त्यात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर तो लागला. आमच्याकडे तो अंगणातच आहे. डोंगर पायऱ्यांचे नसतात, तर एकावर एक रचल्यासारख्या गोल धोंड्यांचे असतात. त्यामुळे आपल्यासारखे आडवे हिरवे पट्टे आमच्याकडे दिसत नाहीत. झाडे धोंड्यांच्या मधल्या फटींत ठिपक्याठिपक्यांनी असतात, कारण पाऊस धोंड्यांवरून ओघळून त्या फटींतच जमा होतो.

मातीतला फरक तर पायाला कळतो. ग्रॅनाइटमधली गार कुजत नाही, तिची वाळू होते. म्हणून इथली माती तांबूस, भरड आणि हलकी आहे, तिच्यात चुना कमी आणि चिकणपणाही कमी. ती फुगत नाही, तिला भेगा पडत नाहीत, आणि पाणीही धरत नाही. म्हणून तेलंगणाच्या बाजूने गेलात तर गावोगाव जुने तलाव दिसतात, तलावाच्या खाली भात दिसतो आणि ओढ्याकाठी शिंदी उभ्या दिसतात. मुखेडच्या बाजूने येताना काळ्या रानातून तांबड्या रानात शिरलो की बांधावरची बाभूळ विरळ होत जाते, हे आम्ही लहानपणापासून पाहतो.

मात्र इथे एक अडचण आहे आणि माळरान यांच्या हरकतीशी ती जुळते. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना खडक बदलतो तसाच पाऊसही वाढतो. किनवट-माहूरकडे तो हजार मिलिमीटरच्या घरात जातो. किनवटचे सागवान पाहून कोणी म्हणेल की हा खडकाचा प्रताप आहे, तर ते घाईचे होईल, कारण सागाला पाऊसही बऱ्यापैकी लागतो. सागाचे खरे म्हणणे निचऱ्याविषयी आहे. बेसाल्टच्या मुरमाड उतारावर तो सुखाने वाढतो, खडकात चुना असणे त्याला मानवते, पण त्याच बेसाल्टची सखल भागात साचलेली चिबड, म्हणजे पाणी तुंबणारी, काळी माती त्याला चालत नाही. म्हणजे मूळ खडक एकच असला, तरी जमीन उताराची आहे की सपाट यावर सागाचे असणे-नसणे ठरते. खडकाचा परिणाम स्वच्छ पाहायचा असेल, तर पाऊस सारखा असलेली आणि खडक वेगळा असलेली दोन शेजारची गावे निवडावीत. आमच्या भागात अशा जोड्या मिळतात. बीड-लातूरकडे त्या मिळणार नाहीत.

घाटवाट (प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. घाटाच्या रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे मुलांना घेऊन जाऊन पाहिले. खालच्या हिरव्या पट्ट्याच्या पातळीवर हातभर जाडीची लाल पट्टी स्पष्ट दिसते आणि तिच्या लगेच वरचा दगड अजूनही ओलसर आहे. तिथे हंसराजही सापडला. वरच्या पट्ट्यापाशी मात्र लाल पट्टी नाही, नुसता मांजऱ्या आहे, ओल नाही, आणि झाडेही बहुतेक पानगळीचीच आहेत. म्हणजे पाझर यांनी सांगितलेले दोन्ही प्रकार एकाच डोंगरावर आहेत असे दिसते.

आता गायरानाविषयी विचारतो. ही जागा खालच्या पट्ट्याच्या बरीच खाली आहे. वरच्या अंगाला कुसळी आणि उघडा मुरूम, मध्ये मारवेल, आणि अगदी खाली ओढ्यालगत काळी जमीन, तिच्यात एक पांढरट, गवतही न उगवणारा तुकडा. मागे एका योजनेत इथे सगळीकडे एकाच मापाचे खड्डे यंत्राने घेऊन वड, पिंपळ आणि गुलमोहर लावले होते. काही रोपे ऑगस्टमध्येच कुजली, उरलेली उन्हाळ्यात वाळली. एकाच जागेवर कुजणे आणि वाळणे दोन्ही कसे झाले?

माळरान (उत्तर)

दोन्ही होऊ शकते, आणि कारण एकच असते. घट्ट पाषाणात किंवा न कुजलेल्या मुरमात घेतलेला खड्डा म्हणजे बुडाला छिद्र नसलेला रांजण. पावसाळ्यात त्यात पाणी कोंडते आणि मुळे गुदमरतात. पाऊस संपल्यावर मुळांना खड्ड्याच्या भिंतीपलीकडे जाता येत नाही, म्हणून आतली ओल संपली की झाडही संपते. अशा जागी खोल खड्ड्याच्या आग्रहाऐवजी सब्बलीने मुरूम हलवून भेग कुठे आहे ते शोधावे आणि रोप तिच्या तोंडाशी लावावे. उतारावर समपातळीत चर घेतले, तर पाणी त्या भेगांत मुरायला वेळही मिळतो.

वरच्या मुरमाड अंगाला सीताफळ, बोर, खैर, हिवर ही झाडे घ्यावीत. खैर आणि बोर वर येईपर्यंत चराई बंद ठेवावी लागेल, ते गावाला जमणार नसेल तर सीताफळावरच भर द्यावा. सालई लावायची इच्छा असेल तर पावसाच्या तोंडावर तिच्या जाड फांद्या रोवून पाहाव्यात. मारवेलाच्या पट्ट्यात कडुनिंब, चिंच आणि आपट्याला वाव आहे. मारवेल हे चांगल्या चाऱ्याचे गवत आहे, त्यामुळे तिथे दाट लागवड करून ते मारू नये, झाडांत अंतर जास्त ठेवावे. ओढ्यालगत काळ्या जमिनीत बाभूळ आणि करंज, आणि पाण्याच्या अगदी काठावर अर्जुन व जांभूळ.

वड-पिंपळ या जागेवर मुळीच होणार नाहीत असे नाही. पण रोप म्हणून मुरमात लावलेला पिंपळ आणि भेगेत आपोआप रुजलेला पिंपळ यांच्या मुळांची सुरुवातच वेगळी असते, आणि पहिल्या उन्हाळ्यात हा फरक निर्णायक ठरतो.

पाझर (उत्तर)

पांढरट तुकड्याविषयी मी लिहितो, कारण तोही डोंगराच्या रचनेशीच जोडलेला आहे. बेसाल्ट कुजताना त्यातून सुटणारे क्षार पाण्याबरोबर उतरत उतरत सखल भागात येतात. तिथे निचरा नसेल तर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यांत सोडियमचे प्रमाण वाढले की चिकणमातीचे कण विखुरतात, पाणी आत शिरत नाही आणि जमीन चोपण होते. याचे टोकाचे उदाहरण जालना जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या लोणारला दिसते. तिथे विवराच्या काठावर धार नावाच्या झऱ्याचे गोडे पाणी आणि झाडी आहे, आतल्या उतारावर दाट रान आहे, आणि तळाशी, जिथे पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, तिथल्या खाऱ्या-अल्कधर्मी तळ्यालगत मुख्यतः वेडी बाभूळ तग धरते.

आपल्या तुकड्यातल्या मातीचा सामू (pH) आधी तपासून घ्यावा. तो साडेआठच्या वर असेल आणि सोडियमही जास्त निघाले, तर तिथे झाडे लावण्यावर पैसा घालू नये. प्रथम ओढ्याकडे चर काढून पाण्याला वाट द्यावी, तपासणीत येईल त्या प्रमाणात जिप्सम टाकावे आणि दोन-तीन पावसाळे क्षार धुऊन जाऊ द्यावेत. तोपर्यंत कडेला बाभूळ आणि करंज चालतील. वरच्या अंगाला समपातळी चर घेताना ते थेट या तुकड्याच्या डोक्यावर येणार नाहीत असे पाहावे, कारण वर मुरलेले पाणी शेवटी इथेच येणार आहे आणि निचरा नसताना ते आले, तर पांढरा तुकडा आणखी पसरेल.